घरच्या घरी अमेरिका

१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

निर्णय पक्का. घरी इंटरनेटचा फोन बसवायचा.

शुभांगीला आठवा महिना चालू आहे. बीपी वाढलंय म्हणून तिथल्या डॉक्टरने झोपून राहायला सांगितलंय. न्यू जर्सीत तिला बघायला कोण? संदीप, आमचे जावई, दिवसभर ऑफिसात. सन दोन हजार लागलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार आहेत, ते पडू नयेत म्हणून त्यांना तिकडे नेलेलं आहे.

सुमनने तिकडे जायचं ठरलं होतं. तिच्या पासपोर्टचा फॉर्म मी स्वतः भरत होतो. तीन महिने भरत होतो. सरकारी फॉर्म घाईने भरायचा नसतो, हे तलाठ्यापासून मंडल अधिकाऱ्यापर्यंत तेहतीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. एकही मेमो नाही. आता पासपोर्ट हातात येईपर्यंत बाळ रांगायला लागेल, असं सुमन म्हणते. हल्ली ती थोडं तिरकं बोलते.

सध्या फोन करायचा तर अकोले नाक्यावर लंकाबाईच्या बूथवर जावं लागतं. घरच्या फोनवरून परदेश लागत नाही, आणि तिकडून लावणं त्यांना महाग पडतं. बूथमध्ये मीटर पळत असतं, काचेपलीकडे लंकाबाईचे कान असतात. अशा ठिकाणी बाप मुलीशी काय बोलणार? मी 'बरी आहेस ना, ठेवतो' म्हणतो आणि ठेवतो. मीटर नसतं तर तासन्‌तास बोललो असतो.

इंटरनेटवर लोकल कॉलमध्ये अमेरिका लागते. पेपरात वाचलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटर आला. इथेच नाशिक रस्त्याला माधुरी मॅडमचा क्लास आहे, त्यांच्याकडचा जुना. मॅडम स्वतः येऊन जोडून गेल्या. हेडफोन, त्याला पुढे बोंडासारखा माईक. मोडेम नावाची एक डबी, तिच्यात टेलिफोनची वायर.

मॅडम समजावून सांगत होत्या. मी मधूनमधून 'ते माहीत आहे' म्हणत होतो. शेवटी त्यांनी सगळं एका कागदावर लिहून दिलं. गरज नव्हती. कागद भिंतीला चिकटवला.

सुमनने विचारलं, "ह्याच्यातनं पोर दिसंल का?" ती मूळची बेलापूरची, काळजीत असली की माहेरचं बोलते. म्हणालो, दिसणार नाही, ऐकू येईल. ती म्हणाली, "मग फोनमधी काय वाईट होतं?"

तंत्रज्ञानाला पहिल्यांदा घरातूनच विरोध होतो.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

इंटरनेट जोडणीच्या फॉर्मवर सही करून आलो. दुपारी मागच्या अटी वाचल्या. (सहीच्या आधी वाचायला हव्या होत्या. आयुष्यभर शेतकऱ्यांना हेच सांगत आलो.)

इंग्रजीत, बारीक टाईपात: या जोडणीचा वापर आवाजी संभाषणासाठी करता येणार नाही. केल्यास कायदेशीर कारवाई.

घाबरलो नाही. नुसतं पुन्हा वाचलं.

सायं. ५ : पाचदा वाचलं. प्रत्येक वेळी तेच लिहिलेलं आहे.

माधुरी मॅडमना फोन केला. त्या हसल्या. "सर, सगळे करतात. कोण बघायला येतंय?" मॅडम, कोण बघायला येतंय असं म्हणणाऱ्या लोकांकडेच मी तेहतीस वर्षं बघायला जात होतो.

कारवाई म्हणजे काय? दंड? की पेन्शन बंद? समोर बाबासाहेबांचा फोटो. तिकडे बघवेना. कॉम्प्युटर उचलून मधल्या खोलीत नेला. तिथे उजेड चांगला आहे. (खिडकी नाही.)

२१ नोव्हेंबर, रविवार

पहिला प्रयोग. सकाळी आठची वेळ. तिकडे शनिवारची संध्याकाळ सरलेली असते, संदीपही त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसणार होते.

दारं-खिडक्या लावल्या. मोडेम नंबर फिरवतं तेव्हा किती ओरडतं हे मॅडमनी कागदावर लिहिलेलं नाही. गोधडी टाकली. मग सुमनला कुकर लावायला सांगितलं, म्हणजे शिट्टीत आवाज लपेल. ती म्हणाली, "स्वैपाक झालाय." म्हणालो, पुन्हा कर.

समोरच्याच घरात आदिनाथ राहतो. शहर पोलीस स्टेशनला हवालदार. पोरगा गुणी आहे, मला काका म्हणतो. पण शेवटी हवालदार.

आठ वीसला लागलं! कानात खरखर, मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज: "बा… बा…" मी म्हणालो, "शुभांगी!" माझाच आवाज दोन सेकंदांनी परत आला: शुभांगी. मग सगळं गप्प.

सुमनने हेडफोन हिसकून कानाला लावला. काही नाही. ती म्हणाली, "ती रडत होती का?" म्हणालो, छे, लाईनचा दोष. पण आवाज मलाही बरा वाटला नाही.

प्रयोग नव्वद टक्के यशस्वी.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दहा वाजता घरासमोरच्या खांबावर माणूस. टेलिफोनचा बन्सी लाईनमन. मी न बोलावता आलेला.

पडद्याआडून पाच मिनिटं बघितलं. मग बाहेर गेलो, कारण न जाणं संशयास्पद.

बन्सी वरूनच म्हणाला, "साहेब, तुमची लाईन सारखी बिझी लागती. कुनाशी बोलता येवढं?"

म्हणालो, रिसिव्हर नीट ठेवला जात नसेल.

"तसंच आसंल. शेजारच्यांची तक्रार हुती, खरखर येती म्हनून. रिसिव्हर नीट ठिवत जावा."

उतरून चहा प्यायला. चहा पिताना मधल्या खोलीच्या दाराकडे दोनदा बघितलं. दार बंद होतं. बंद दार किती संशयास्पद दिसतं! तो गेल्यावर उघडं ठेवलं. मग कॉम्प्युटर दिसायला लागला. पुन्हा लावलं. शेवटी अर्धवट ठेवलं.

मी खोटं बोललो. नोकरीत कधी बोललो नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलणं चोरून ऐकलं जाणार, ईमेल वाचली जाणार, हे धरून चालायला हवं. सांकेतिक भाषा तयार केली. आपल्या भागात कोणाला संशय येणार नाही अशी:

शुभांगी म्हणजे ऊस. बीपी म्हणजे पाणी. दवाखाना म्हणजे कारखाना. बाळंतपण म्हणजे गाळप.

यादी इंग्रजी अक्षरांत टाईप करून संदीपना ईमेल केली. एक बोट वापरून दीड तास लागला. मूळ कागद चुलीत घातला.

सायंकाळी संदीपचं उत्तर. बाबा, कुणाचा ऊस? तुमची तब्येत बरी आहे ना?

मुलगा हुशार आहे, पण व्यवहारज्ञान कमी.

२८ नोव्हेंबर, रविवार

आज बोलणं झालं. एकूण एक्केचाळीस सेकंद. घड्याळ लावून मोजले.

शुभांगी म्हणाली, "बाबा? येतोय का आवाज?"

मी म्हणालो, "उसाला पाणी किती आहे?"

ती म्हणाली, "काय?"

"उसाला. पाणी. वाढलंय की कमी?"

ती म्हणाली, "बाबा, आई कुठंय? आईला द्या ना."

सुमन शेजारीच होती. तिला बजावलं, नाव घ्यायचं नाही. तिने हेडफोन घेतला, तोंड उघडलं, आणि नाव घ्यायचं नाही तर काय म्हणायचं ते तिला सुचेना. तेवढ्यात लाईन गेली.

सुमन बराच वेळ तशीच बसली. हेडफोन कानालाच. मग काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लेकीला हाक मारायला भ्यायचं असंल तर मला नको तुमचं मशीन." चपला घालून सरळ लंकाबाईच्या बूथवर गेली. परत आल्यावर सांगितलं: बीपी अजून वाढलेलंच आहे, पायाला सूज आहे, आणि पोर विचारत होती बाबांना काय झालंय.

मला काय होणार? मी खबरदारी घेतो आहे. घरात कोणीतरी घ्यायला हवी.

२ डिसेंबर, गुरुवार

वाईट शक्यता गृहीत धरून जबाब लिहून ठेवला. धाड पडल्यावर माणूस गडबडतो आणि भलतंच बोलतो. मी अनेकांचे जबाब घेतलेत, मला माहीत आहे.

"मी, रंगनाथ भागाजी रोहम, वय ५९, धंदा सेवानिवृत्त मंडल अधिकारी, राहणार संगमनेर, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, सदर मशीन हे परदेशस्थ मुलीशी बोलण्याकामी आणले असून त्यावर आजपावेतो एकूण एक्केचाळीस सेकंद बोलणे झाले आहे. पैकी मुलीचे बोलणे अंदाजे बारा सेकंद. बाकी माझे. माझी पत्नी सौ. सुमन हिचा या कामाशी संबंध नाही. तिने सुरुवातीपासून विरोध केला होता."

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. भाषा चांगली उतरली आहे. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आहे. शर्ट बदलला की जबाबही नव्या खिशात घ्यायचा, हे लक्षात ठेवणे.

३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आदिनाथ अंगणात दात घासत होता. म्हणाला, "काका, रविवारी तुमच्या घरातून कसला आवाज येतो? कोंबडं धरल्यासारखा?"

म्हणालो, कोंबडंच.

"पाळलं का?"

"कापलं."

तो म्हणाला, दोन्ही रविवारी? म्हणालो, हो. तो हसला. त्या हसण्यात काय होतं?

सांकेतिक भाषा ताबडतोब बदलली. नवी यादी: पाणी म्हणजे सगळं ठीक. कारखाना म्हणजे घर. ऊस तोच ठेवला, सारखं सारखं बदलणं संदीपना झेपणार नाही. यादी पाठवली. स्क्रीनवर काहीतरी एरर असं आलं, पण बहुधा गेली असावी.

६ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी विहारात अभिवादनाला गेलो. पांढरा शर्ट, खिशात जबाब. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी सुमनचा मात्र खणखणीत. बन्सी, आदिनाथ, कोंबडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

बाहेर चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणत होतं, कुठेतरी इंटरनेटवाल्याकडे धाड पडली, सगळं सामान उचलून नेलं. कुठे, ते विचारलं नाही. मला काय करायचंय, असा चेहरा ठेवला. चहा अर्धा सांडला.

ठरवलं: बाळंतपण होईपर्यंत थांबायचं. बाळाचा आवाज एकदा ऐकायचा. मग मशीन मॅडमना परत.

७ डिसेंबर, मंगळवार, सायं. ६.३०

ईमेल उघडली. संदीपची, नुकतीच आलेली. एकच ओळ. शेवटी त्यांनीही माझी भाषा उचलली. 'पाणी खूप वाढलं. ऊस कारखान्यात नेला.'

नव्या यादीप्रमाणे: सगळं अगदी ठीक, शुभांगी घरी आहे.

जुन्या यादीप्रमाणे नाही.

संदीपना नवी यादी मिळाली असेल का? मिळाली असेलच. आणि घरी आहे हे कळवायला कोण मुद्दाम ईमेल करतं? पण संदीपचा स्वभावच तसा. काळजी घेणारा.

सुमनने विचारलं, काय आलंय? म्हणालो, "सगळं ठीक. घरीच आहे."

ती म्हणाली, "खरं?"

म्हणालो, "लिहिलंय तसं."

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

८ डिसेंबर, बुधवार, सकाळी ६

घरी आहे तर मग 'नेला' कसं? घरी माणसाला नेत नाहीत. माणूस घरी असतोच.

६.१५ : कनेक्शन लावतो आहे. लागत नाही.

७.०० : लागत नाही. सुमनला सांगितलं, टेस्टिंग चालू आहे. आठला ती उठून बूथवर गेली.

९.०० : परत आली. तिकडच्या घरी कोणी फोन उचलत नाही. तिने पुन्हा विचारलं, "काल काय लिहिलं होतं?" मी म्हणालो, आत्ता लागेल, थांब. ती थांबली नाही. परत बूथवर गेली.

१०.४० : एकसष्टावा प्रयत्न. मोडेम ओरडतं, थांबतं, ओरडतं. गोधडी काढून टाकली आहे. ऐकेना का कोणी.

त्याच दिवशी, सायं. ५

क्रमाने लिहितो.

बाराच्या सुमारास खिडकीतून बघितलं तर गल्लीतून चौघं येत होती. पुढे आदिनाथ, युनिफॉर्ममध्ये. त्याच्यामागे बन्सी, खांद्यावर शिडी. मागे लंकाबाई, आणि तिच्या आडून आणखी कोणीतरी. पोलीस, टेलिफोन खातं आणि पंच. अगदी नियमाप्रमाणे.

मी काय केलं ते लिहितो, कारण ते मीच केलं. मोडेमची वायर उपटली. मोडेम उचलून मोरीत, सुमनने भिजत घातलेल्या कपड्यांच्या बादलीत टाकलं. हेडफोन बाजरीच्या डब्यात. कॉम्प्युटर कुठे टाकता येईना म्हणून त्याच्यावर शाल पांघरली. खिशातून जबाब काढला आणि दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो.

तेव्हा दिसलं की लंकाबाईने सुमनचा दंड धरलाय, आणि सुमन रडते आहे.

पोलीस रडणाऱ्या बाईला घेऊन धाड घालत नाहीत. ते दुसऱ्याच कामाला असे येतात. अशा कामाला मी स्वतः गेलो आहे, लोकांच्या दारात, शेतावर. घरचा माणूस कसा उभा असतो ते मला माहीत आहे. मी तसाच उभा होतो. पेन्शन, कायदा, काही आठवलं नाही. दाराची चौकट धरून खाली बसलो आणि म्हणालो, "गेली का?"

लंकाबाई ओरडली, "आवं काय वंगाळ बोलता! मुलगी झाली! नात झाली तुमाला!"

आदिनाथने मला धरून वर उठवलं.

मग कळलं ते असं. बीपी एकदम चढलं, रातोरात ऑपरेशन करावं लागलं. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाळ लहान आहे पण ठीक, शुभांगी शुद्धीवर आहे. संदीप तेव्हापासून आमच्या घरी फोन लावत होते. दोन तास. एंगेज. दोन तास मीच मोडेमने लाईन अडवून बसलो होतो. शेवटी त्यांनी बूथचा नंबर लावला. सुमनने तो आधीच देऊन ठेवला होता. बन्सी बूथवर होता, लाईन बिघडली असेल म्हणून शिडी घेऊन आला. आदिनाथ ड्युटीवरून घरी येत होता, तोही आला. सगळ्या नाक्याला माझ्या नातीची बातमी माझ्याआधी कळली.

माझ्या हातातला कागद आदिनाथने घेतला. म्हणाला, "हे काय, काका?" त्याने दोन-तीन ओळी वाचल्या. बन्सीने विचारलं, "काय लिवलंय?" आदिनाथ म्हणाला, "काही नाही, काकांचा हिशोब आहे." घडी घालून परत माझ्या खिशात ठेवला.

बन्सी मोरीत हात धुवायला गेला आणि मोडेम घेऊन आला. "साहेब, ह्ये धुयाला टाकलंय का?"

लंकाबाई चहा टाकायला आत गेली.

सगळे गेल्यावर सुमन म्हणाली, "संदीप म्हणत होते, काल ईमेल टाकली होती. दवाखान्यात नेलंय म्हणून."

म्हणालो, यादीचा घोटाळा झाला.

ती म्हणाली, "मला रात्रभर जागता आलं असतं. तेवढं तरी करता आलं असतं."



९ डिसेंबर, गुरुवार

मोडेम उन्हात ठेवलंय. माधुरी मॅडम येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, सर, साबण होता का पाण्यात? होता.

सुमन कामापुरतं बोलते.

आदिनाथच्या आईने गुळाचा शिरा पाठवला. आदिनाथ सांगत होता, त्याचे वरचे साहेबसुद्धा त्यांच्या लंडनच्या भावाशी असंच बोलतात. मला हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मी विचारलं नव्हतं.

जबाब अजून खिशात आहे. फाडायला हवा. भाषा चांगली उतरली आहे म्हणून ठेवला आहे.

१२ डिसेंबर, रविवार

सकाळी सव्वाआठला घरचा फोन वाजला. साधा, काळा. सुमनने उचलला. संदीपनी दवाखान्यातून लावला होता, कसलंसं कार्ड मिळतं तिकडे, पाहिजे तेवढं बोला म्हणे. सुमन खुर्चीवर पाय घेऊन बसली. दूध येतंय का, टाके दुखतात का, डोकं बांधतेस का, बाळाचे कान कुणावर गेलेत. हसली. रडली. पुन्हा हसली. कधीची हसली नव्हती.

मग तिने रिसिव्हर माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घ्या. आणि तिचं नाव घ्या."

मी म्हणालो, "शुभांगी."

ती म्हणाली, "हं, बाबा."

मी विचार करत होतो, कुठून सुरुवात करावी. तिकडे बाळ कुरकुरत होतं, मांजराच्या पिलासारखं. शुभांगी त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मग मला म्हणाली, "बाबा, मी खूप घाबरले होते."

मी म्हणालो, "बरी आहेस ना?"

"हो."

"बरं. ठेवतो."

सुमनने विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, काही कळलं नाही, आवाज नीट येत नव्हता.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.